खांबावरची गाठ

हसणार नसाल तर सांगतो. नशिराबादला आमच्या दारासमोरच्या खांबावर केबलवाल्याने बारीक पांढऱ्या वायरीची वेटोळी लोंबती ठेवली होती. लोंबता दोर मला बघवत नाही. मी शिडी लावली, वेटोळी बैलाच्या कासऱ्यासारखी आवळली आणि गाठ मारली. तेवढ्यात गल्लीतले बठ्ठे, एकूणएक टीव्ही गेले.

पाच वाजता केबलच्या लोकल चॅनलवर आमच्या नातीचा शाळेतला नाच होता. साडेचारला केबलवाला आला. त्याने गल्लीच्या टोकाकडून वायरीत लाल उजेड सोडला, तो नेमका माझ्या गाठीपाशी दिसला.

तो म्हणाला, "आत काचेचा धागा आहे. चित्र उजेडातून येतं. असं मुरगळलं की उजेड अडतो. कोणी बांधलं हे?"

मी चहाची बशी तोंडाला लावली.

वर चढून त्याने बराच वेळ ओढाताण केली. "सुटत नाही. कापतो. जोडणी उद्या."

"कापू नको, भाऊ!" आमची म्हातारी ओरडली. "पाच वाजता नातना नाच शे!"

"मग ज्याने बांधली त्यालाच बोलवा."

मी चहाची बशी खाली ठेवली, धोतर खोचलं आणि म्हटलं, "शिडी धरा."