सावंताचा फर्स्ट क्लास रिपोर्ट

हसू नका, पण आमचा सावंत रक्ताच्या तपासणीसाठी अभ्यास करायचा. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. खारीगावात माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा, वर्षापूर्वी अटॅक येऊन गेलेला. तपासणीची तारीख ठरली की आधी पंधरा दिवस फुलके आणि उकडलेला दुधी. रक्त दिलं की तडक केबिन रोडला, भजीच्या गाडीवर.

एकदा मीही डॉक्टरांकडे सोबत गेलो. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश. "वाईट कोलेस्टेरॉल मस्त खाली आलंय, सावंत. गोळी निम्मी करूया."

मला राहवेना. मी पेपरातला बातमीदार, मंत्री येणार म्हणून रस्त्यावर घाईघाईत ओतलेल्या डांबराच्या बातम्या आयुष्यभर छापत आलो होतो. म्हटलं, "डॉक्टर, ही पंधरा दिवसांची डागडुजी आहे. परवा रक्त देऊन हा सरळ कांदाभजी खायला गेला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो सावंत, वाईट कोलेस्टेरॉल वर्षभर हृदयाच्या नळ्यांत साचतं. चांगलं ते उचलून नेतं, आणि तुमचं चांगलं मुळातच कमी आहे. आता गोळी कमी केली असती, तर दुसरा अटॅक मीच लिहून दिला असता."

बाहेर येताच सावंत भडकला. "साल्या, मित्र आहेस की रिपोर्टर? एवढा चांगला रिपोर्ट वाया घालवलास!"

"मग तुझ्या शोकसभेत काय बोलू?" मी म्हणालो. "माणूस गेला, पण रिपोर्ट फर्स्ट क्लास होता?"