फळीमागची खुर्ची

(साल्ता शहर, शुक्रवारची दुपार. स्वयंपाकघरात एर्मिंदा आणि तिची धाकटी बहीण चिचा करंजीसारख्या एम्पनाडांना मुरड घालत बसल्या आहेत. एर्मिंदाची मुलगी यानिना दारात उभी.)

एर्मिंदा : फादरांकडे गेलीस? मला न विचारता?

यानिना : विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?

एर्मिंदा : नसतं दिलं.

यानिना : म्हणूनच नाही विचारलं. अठरा वर्षं मी काय काय ऐकून घेतलं, आई! गुडघा दुखतोय. ओव्हनमध्ये पाव आहे. चिचामावशीला ताप आलाय.

चिचा : माझ्या नावावर इतके ताप खपलेत, की एव्हाना तीनदा मेले असते मी.

एर्मिंदा : तू तर बोलूच नकोस. नवसाचं हिच्या कानावर घातलंस ते तूच.

चिचा : निसटलं गं. सारण चाखत होते, तोंड उघडंच होतं.

यानिना : बरं झालं निसटलं. मला वाटायचं, माझं हॉकी खेळणंच हिला पटत नाही. देशाच्या संघात घेतलं, तेव्हा बाकीच्यांच्या आया कठड्यावर लोंबकळून ओरडत होत्या आणि माझ्या आईसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी. पुढे आठ वर्षं दोन नंबरची गोलकीपर म्हणून बाकावर काढली. म्हटलं, ठीक आहे, बसून राहिलेली मुलगी बघायला कोण येतं? मग एक नंबरची झाले, ऑलिंपिकचं पदक आलं, कप्तान झाले. तरी तुझा गुडघा दुखतोच!

एर्मिंदा : तो खरंच दुखतो. खोटं कशाला बोलू?

यानिना : परवा माझा शेवटचा सामना आहे. घरापासून सहा चौकांवर. त्यानंतर हे पॅड मी पायाला बांधणार नाही. एकदाच तू तिथे असावंस, दुसरं काही मागत नाही मी. फादर ओस्वाल्दो म्हणाले, नवस बदलून घेता येतो. महिनाभर चर्चच्या जेवणात तू वाढ, की सुटलीस.

एर्मिंदा : वाढते की मी. दर गुरुवारी. त्यात माझं काय गेलं? नवस बोलायचा तर जिवाला लागेल असं सोडावं लागतं, पोरी. चिचाने वांगी सोडली होती, नवऱ्याला नोकरी लागावी म्हणून. हिला वांगी आवडतच नाहीत.

चिचा : आणि नोकरी लागली. सहा महिन्यांत सुटली, ते वेगळं.

एर्मिंदा : तो दिवस आठवतो तुला?

यानिना : न आठवायला काय झालं? सोळा वर्षांची होते. चेंडू हेल्मेटच्या खालून गळ्यावर बसला. श्वासच येईना. डोळे उघडले तर तू मैदानात, आणि हातातल्या पर्सने पंचाला मारतेयस.

एर्मिंदा : मारलं नाही. बाजूला सारलं.

चिचा : चष्मा फुटला त्याचा.

एर्मिंदा : त्या संध्याकाळी तू घोट घोट सूप गिळत होतीस. खेळू नको म्हणाले असते, तर ऐकलं असतंस तू. माझ्यासाठी सोडलं असतंस. ते मला नको होतं. म्हणून चर्चमधल्या चमत्कारी मातेपुढे गेले. म्हटलं, माते, ही खेळू दे, फक्त हिला जपून ठेव. हिला गोलात उभी बघणं, याहून मला काही आवडत नाही. तेच तुझ्या पायाशी ठेवते. हिला खेळताना मी डोळ्यांनी बघणार नाही.

यानिना : आणि मला सांगितलं नाहीस.

एर्मिंदा : सांगून तुझ्या पायात ओझं घालायचं होतं का? आधीच ते पॅड कमी जड आहेत?

यानिना : पण आता संपतंय ना सगळं. तिने जपलं मला. एक बोट मोडलं तेवढं.

एर्मिंदा : मग? अठरा वर्षं तिने आपला शब्द राखला, आणि शेवटच्या दिवशी मी माझा मोडू? परवा शेवटचा सामना म्हणून त्या हॉलंडच्या पोरी काय चेंडू हळू मारणार आहेत?

यानिना : ...नाही. उलट जोरातच मारतील.

एर्मिंदा : बघ.

यानिना : म्हणजे नाहीच येणार तू. बरं. हरले मी.

चिचा : एर्मिंदा, सांग आता. नाहीतर माझं पुन्हा तोंड उघडेल.

एर्मिंदा : चिचा!

चिचा : नवस डोळ्यांचा आहे, यानी. कानांचा नाही. इथल्या क्लबातला तुझा एक सामना हिने चुकवलेला नाही. कपडे बदलायच्या खोलीमागे भिंत आहे ना, तिथे बसते. तोंड भिंतीकडे, हातात विणकाम. तुझे सगळे मोजे तिथलेच.

यानिना : आई?

चिचा : आणि ब्युनोस आयरेसची ती फायनल! वीस तास बसने गेली. फाटकाबाहेर एकाची सॉसेजची गाडी होती, तिच्या आडोशाला बसली. त्याने बिचाऱ्याने फुकट पाव दिला. त्याला वाटलं, हिला तिकीट परवडत नाही.

यानिना : आई, तू आली होतीस? आणि मी त्या रात्री तुला फोनवर सगळा सामना सांगत बसले!

एर्मिंदा : छान सांगत होतीस. एक गोल खाल्लास तो मात्र गाळलास.

यानिना : तुला काय माहीत?

एर्मिंदा : गोलाच्या तळाची फळी वाजते ना. लोक ओरडायच्या आधी ती ऐकू येते. पॅडवर बसला चेंडू तर आवाज भरीव, कणकेवर थापटी मारावी तसा. फळीवर बसला की कोरडा.

यानिना : आई, मग असं कर. परवा भिंतीमागे नको. माझ्या गोलामागे खुर्ची टाकते. माझी तुझ्याकडे पाठ, तुझी माझ्याकडे पाठ. पाठीला पाठ. नवस कुठे मोडतो?

एर्मिंदा : लोक काय म्हणतील? सगळे मैदानाकडे बघतायत आणि ही बया रस्त्याकडे!

चिचा : म्हणू देत. मध्यंतरात बाजू बदलली की मी हिच्या डोळ्यांवर शाल ओढून हिला पलीकडे नेईन. एका हातात ही, एका हातात खुर्ची.

यानिना : कप्तान आहे मी. एक खुर्ची मागितली तर नाही म्हणणार नाहीत.

एर्मिंदा : ...फार जवळ होईल गं. फळी कानातच वाजेल.

यानिना : वाजली तर वाजली. लगेच माझा आवाज ऐकशील ना.

एर्मिंदा : तो तर येतोच. फळी वाजली, की थोड्या वेळाने तुझे ते दोन ठोके. काठीने खांबावर. टक, टक. ते आले, की मग माझा टाका पुढे सरकतो.

यानिना : ते ठोके तिकडे भिंतीमागे ऐकू येतात?

एर्मिंदा : आधी नाही आले. मग कानाला सवय झाली. माझ्यासाठीच असतात ना ते? ‘आई, मी आहे’, असं सांगायला?

चिचा : अगं ए वेडे! हिला कुठे ठाऊक होतं तू तिथे आहेस ते! सगळेच गोलकीपर ठोकतात.

एर्मिंदा : हो का गं, यानी?

यानिना : हो, आई. नजर चेंडूवरून हलवता येत नाही. मागे वळून बघायचं नसतं. म्हणून काठीने खांब चाचपते, मागे माझं आहे ते जागेवर आहे ना. आहे म्हटलं की मग भीती वाटत नाही.

एर्मिंदा : मग मी वेगळं काय म्हणाले?