लाटवाला, धूरवाला आणि एक कोरा उंदीर

सन्माननीय अध्यक्ष भिकाजीराव नाईक, व्यासपीठावरील मुख्याध्यापक आणि शाळा समितीचे सभासद, आजचे सत्कारमूर्ती, आपले चित्रकलेचे शिक्षक श्री. शिवराम मेस्त्री, समोरचे पालक, आणि कितीही बोलावलं तरी दारातच उभी राहणारी आमची मुलं,

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘मेस्त्री सरांच्या कलेविषयी दोन शब्द’ बोला असं सांगितलंय. जरा जास्त होतील. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये.

अडतीस सालचा श्रावण. धामापूरला मेस्त्र्यांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या पडवीत, आठ वर्षांची दोन मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. एक शिवा, म्हणजे आजचे सर, दुसरी मी. शिवाचे वडील पोरांना मूर्तीला हात लावू देत नसत. पायाशी बसणारा उंदीर तेवढा रंगवायला देत. आमच्या घरच्या गणपतीचा उंदीर मी डाव्या हाताने रंगवला. थोरल्या मेस्त्र्यांनी तो उजेडाला धरून पाहिला. “चेडू डावऱ्या हाताचा, पण रेघ हलणा नाय,” म्हणाले. पुढच्या वर्षी मला बेळगावला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथल्या सिस्टरांनी माझा डावा हात रुमालाने बाकाला बांधला, आणि दोन वर्षांत मी उजव्या हाताची झाले. तक्रार नाही. फक्त हे लक्षात असू द्या.

गणपतीवर घडवणाऱ्याचं नाव कुठे असतं? माती एक मळतो, दागिने दुसरा काढतो, डोळे तिसरा आखतो. तरी आपली माणसं मूर्ती घरी आल्या आल्या सांगतात, यंदा डोळे थोरल्यांचे नाहीत म्हणून. मेस्त्री सर त्याच शाळेत शिकले. वर्गात नाव न घातलेली चाळीस चित्रं आली, तर ते चाळीसही ज्याची त्याच्या हातात बरोबर परत देत. मला हे नेहमीच संशयास्पद वाटे. एवढं कोणाला कळतं का?

पंच्याऐंशी साली आपल्या गावच्या मुस्तफाभाईंच्या भावाने कुवेतहून व्हिडिओ आणला. शनिवारी शाळा सुटली की भाईंच्या माडीच्या खिडक्या बंद होत. आत मेस्त्री सर आणि आठ-दहा मुलं. तुम्हीच सांगा, त्या दिवसांत व्हिडिओ या शब्दाला कसला वास होता? आणि बंद खिडक्या! मी समितीवर होते. संशय घेणं हेच माझं काम, अशी माझी समजूत. एका शनिवारी छत्री हातात घेऊन मी सरळ जिना चढले.

पडद्यावर जपानी कार्टून. होडीतली एक मुलगी, आणि चित्र मध्येच थांबवलेलं, थरथरत.

“ही लाट बघा, बाय,” सर म्हणाले. “घडी मोडल्यासारखी मोडता. हो लाटवालो. आता फुडे बघा, धूर. पेजेच्या बुडबुड्यांसारखो. हो धूरवालो. त्याका लाट जमणा नाय.”

शेवटी चित्रकारांची नावं येत, पण जपानी लिपीतली. वाचणार कोण? म्हणून मुलांनीच नावं ठेवली होती. भाईंची मुलगी जोहरा तेव्हा आठवीत. ती म्हणाली, “आणि पायवालो, बाई! त्याची माणसा धावतत तेवा टाचा जमिनीक लागणत नाय.”

“ही चित्रं मशीन काढतं,” मी म्हटलं.

“मशीनचो हात येगयेगळो आसता काय?” सर हसले.

मुस्तफाभाई चहा घेऊन आले. “बाई, चाय घेवा. खिडक्यो उघडतंय, पण मगे उजेडान कायच दिसाचा नाय.”

चहा घेतला. विश्वास ठेवला नाही. वाटलं, माझी पावलं जिन्यावर वाजली आणि यांनी कॅसेट बदलली. धूर बघून माणूस ओळखतात म्हणे! घरी गेले आणि समितीला निनावी पत्र लिहिलं. अक्षर कळू नये म्हणून डाव्या हाताने.

होय. ते पत्र माझं. कुजबुज संपली की पुढे बोलते.

शनिवार बंद झाले. सरांना ‘व्हिडिओ मास्तर’ हे नाव चिकटलं. पालकांनी मुली त्यांच्या वर्गातून काढल्या, आणि भाईंनी बोलणी नकोत म्हणून जोहराचं चित्र काढणं थांबवलं. चौकशीत पत्र सरांसमोर ठेवलं गेलं. “तुम्ही सगळ्यांचे हात ओळखता ना? हा कोणाचा?” मी समोरच बसले होते. सरांनी कागद वडिलांसारखाच उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, “नाही ओळखता येत.”

मला हायसं वाटलं. शाळेच्या पायऱ्या उतरेपर्यंत नवा संशय आला. खरंच नाही ओळखता आलं?

त्या चतुर्थीला आमचा गणपती आला. डोळे सरांच्या हातचे, जिवंत. उंदीर मात्र कोरा, नुसता पांढरा, आणि सोबत कागदात गुंडाळलेला एक बारीक ब्रश. उंदीर रंगवायचा राहिला म्हणून मी आमच्या गड्याला, बाबलीला, पाठवलं. तो निरोप घेऊन आला. “मेस्त्री म्हणतत, इसराक नाय. बायच्या डाव्या हाताक ठेवलो आसा.”

तीन वर्षं उंदीर कोरा आला, दर वर्षी नव्या ब्रशासह, आणि कोराच पाण्यात गेला. हा टोमणा, की माफी, की धमकी? विचारायचं धैर्य झालं नाही. संशय तेवढा घेत राहिले.

गेल्या दिवाळीत भाईंकडे गेले आणि तीच कॅसेट लावायला सांगितली. पडद्यावर वादळ आलं. मी म्हटलं, “हा लाटवाला नाही. या लाटा फाटल्यासारख्या आहेत.”

“तोच, बाई,” जोहरा म्हणाली. “घाईत आसा.”

पुन्हा पाहिलं. तोच होता. ज्याचं नाव मला वाचता येत नाही, तो त्या दिवशी घाईत होता हे मला इथे भाईंच्या माडीवर कळलं. मग माझ्या पत्रात सरांनी काय काय वाचलं असेल? आणि एवढं वाचून ते खोटं बोलले.

अध्यक्ष महाराज, ऐकून घेतल्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने ते पोटात घालावं. करण्यात जे झालं ते मात्र पोटात घालू नये.

आता कोणाला काय द्यायचं ते सांगते आणि बसते. शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते सरांना. माझं पत्र मुख्याध्यापकांनी फायलीतून काढून माझ्याकडे द्यावं. खाली सही करते आणि तेही सरांना देते. कॅसेट मुस्तफाभाई शाळेला देताहेत. ती शनिवारी लावायची, खिडक्या बंद करून. ब्रश तीन आहेत, एकही भिजलेला नाही. त्यातले दोन जोहराला. एक मी ठेवते.

आणि शिवा, यंदाचो उंदीर कोरोच धाड. रंग मी आणून ठेवलेत.