दंडाचं माप

मुख्याध्यापक सर, शाळेतले सगळे शिक्षक, ताडकळसहून आलेली मीनाच्या माहेरची माणसं, मानवतचे शेजारी, आणि दहावीच्या पोरापोरींनो,

मला बोलता येत नाही. मी कपडे शिवणारा माणूस आहे. आमच्या घरात बोलायचं काम मीनाचं होतं. वीस वर्षं ती या शाळेत गणित शिकवायची आणि मी घराच्या पुढच्या खोलीत मशीन चालवायचो. सरांनी काल विचारलं, "बळीरामभाऊ, दोन शब्द बोलाल का?" मी न्हाई म्हणालो. रात्रभर बसून राहिलो, आणि सकाळी त्यांना निरोप दिला, बोलतो म्हणून. तुम्ही सगळे तिचं चांगलं बोलायलात. ती चांगलीच होती. पण तिला काय झालं होतं आणि मी काय केलं, हे मला सोडून कुणाला माहीत नाही. ते आतच राहिलं तर मला सहन व्हायचं नाही.

मीनाला लिव्हरचा आजार होता. सहा वर्षं. लिव्हर म्हणलं की माणसं बाटलीकडं बघतात. तिच्या बाबतीत तर लोकांनी माझ्याकडं बघितलं. एकानं मला दुकानात येऊन विचारलं, "तुमी पेता का? मग बायकोला कसं झालं?" त्याला काय सांगणार? डॉक्टर म्हणाले होते, तिचं स्वतःचंच शरीर तिच्या लिव्हरवर उठलंय. कशामुळं ते त्यांनाही सांगता येईना. कळलं तेव्हा लिव्हर निबर झालेलं होतं.

तिला दुखत नव्हतं. ती थकायची. हा थकवा तुम्हाला कसा सांगू? आपण दिवसभर राबतो, दमतो, झोपतो, सकाळी ताजे होतो. तिचं तसं नव्हतं. ती झोपून उठायची ती दमलेलीच. एकदा पोळ्या करताना म्हणाली, "अवो, लाटणं लय जड लागायलंय." मी हसलो. लाटणं कुठं जड असतंय? मी हसलो, मंडळी.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, विश्रांती घ्या, आणि थोडं थोडं चालत राहा. मी त्यातलं अर्धंच ऐकलं. विश्रांती. मी ठरवलं, हिला काही करू द्यायचं नाही. शाळेतून लांब रजा काढायला लावली. झाडू हातातून घेतला. पाण्याची कळशी घेतली. भाजी मी चिरायचो, धुणं मी टाकायचो. शेजारच्या बाया म्हणायच्या, मीनाबाईनं नशीब काढलं. मला बरं वाटायचं ते ऐकून. ती म्हणायची, "मला जरा शाळेपर्यंत जाऊन येऊ द्या." मी म्हणायचो, "बस. तू बसलीस की मला बरं वाटतंय."

एके दिवशी मी गिऱ्हाइकाचं माप घेत होतो, तेवढ्यात ती निघून गेली. एकटीच. बाजाराच्या दिवशी, गर्दीत. अर्ध्या तासानं कुणीतरी सांगत आलं, बाई औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसल्यात, उठता येईना. मी पळत गेलो. चारचौघांत तिच्यावर ओरडलो. तिला रिक्षात घालून घरी आणलं. आणि दुसऱ्या दिवशी तिची चालायची पायताणं माळ्यावर टाकून दिली.

तिनं सकाळी शोधली. खाटेखाली बघितलं, दाराआड बघितलं. मी मशीनवर बसून बघत होतो. मला विचारलं नाही तिनं. मग जाऊन खुर्चीत बसली. आठ महिने बसली.

आता जे सांगतो ते नीट ऐका.

मी तिचे ब्लाउज शिवायचो. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कुणी शिवलेलं तिनं घातलं नाही. तिच्या दंडाचं माप साडेअकरा. मला तोंडपाठ. त्या आठ महिन्यांत ती म्हणाली, बाह्या ढिल्या व्हायल्यात. मी अर्धा इंच आत घेतलं. दोन महिन्यांनी पुन्हा ढिल्या. पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा. आणि कमरेला? कमरेला मात्र सोडावं लागायचं. पोट सुटत होतं. सासूबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बसून खाल्लं की अंगी लागतंय बगा." मी खूश झालो. मला वाटलं, माझ्या सेवेला फळ आलं.

तीस वर्षं मी माणसांची मापं घेतोय. दंड उतरतोय आणि पोट वाढतंय, हे मी माझ्या हातानं टेपवर वाचत होतो. आणि मला कळलं नाही.

पाय सुजले तेव्हा तिला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "हात न टेकता पाच वेळा उठा-बसा." मीना एकदा उठली. दुसऱ्यांदा टेबल धरलं. तिसऱ्यांदा उठलीच नाही. माझ्याकडं बघून हसली, गणित चुकल्यावर एखाद्या पोरीनं हसावं तसं.

डॉक्टर बाईंनी तिची मांडी दाबून बघितली, दंड बघितला. मला विचारलं, "यांना बसवून ठेवलंय का?"

मी म्हणालो, "मॅडम, मी काहीच करू दिलं न्हाई."

त्या म्हणाल्या, "पोटात पाणी आहे, ते वजन नाही. यांचं मांस चाललंय. लिव्हरला खाल्लेल्याची साठवण करता येईना की शरीर स्वतःचंच मांस खातं. त्यात बसून राहिलं की अजून लवकर जातं. यांना चालवा."

 मला वाटलं, आता मीना म्हणेल, मी सांगत होते यांना. म्हणाली नाही. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर एवढंच म्हणाली, "माझी पायताणं कुठं टाकलीत?"

तिथून पुढची दोन वर्षं आमची चांगली गेली. हे मला सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल ती सगळी सहा वर्षं नुसती मरत होती. आधी पोटातलं पाणी कमी केलं, गोळ्या बदलल्या, जेवणातलं मीठ कमी केलं. मग तिची खुर्ची माझ्या मशीनशेजारी आली. हात न टेकता उठायचं, बसायचं. दोन वेळा. मग विसावा. पुन्हा दोन वेळा. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. गिऱ्हाइकं बघायची, तिला त्याचं काही वाटायचं नाही. उपाशीपोटी चालायचं नाही, दिवसभर थोडं थोडं खायचं, निजायच्या आधीही दूध-दशमी खायची. वजन उचलायचं नाही, श्वास कोंडून जोर लावायचा नाही, कारण अन्ननळीतल्या शिरा फुगलेल्या होत्या.

पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेलो. मी तिला म्हणालो, अजून थोडं. ती म्हणाली, "न्हाई. दमल्यावर थांबले तर परत कोण नेणार? दमायच्या आधी थांबायचं." असं तिनं स्वतःला शिकवलं. सकाळी अंगात जीव असायचा, तेव्हा तिनं महत्त्वाचं काम ठेवलं. दुपारी पडायची. सांजच्याला चालायची. महिन्याभरात आम्ही शाळेच्या फाटकापर्यंत आलो. मग मैदानाला अर्धा फेरा. मग पूर्ण. सर, तुम्हीच तेव्हा फाटक लवकर उघडून ठेवायला सांगितलं होतं. मी विसरलो नाही.

आणि ती परत शिकवायला लागली. रोज दोनच तास, पण शिकवायला लागली. अर्धं बसून, अर्धं फळ्यापाशी. पोरांनो, तुम्ही बघितलंय. तिच्या दंडाचं माप मी दर महिन्याला घ्यायचो. दहा झालं होतं ते साडेदहा झालं. त्या दिवशी मी अर्धा किलो पेढे आणले. एवढासा अर्धा इंच. तिनं स्वतः एकही पेढा खाल्ला नाही, सगळ्यांना वाटले.

आमच्यात एक ठरलं होतं. ती ज्या दिवशी "आज न्हाई" म्हणेल त्या दिवशी मी का म्हणून विचारायचं नाही. चांगले दिवस असतात तसे वाईट असतात. तिला तिच्या अंगातलं कळत होतं.

या माघ महिन्यात तुमची सराव परीक्षा चालू होती. पेपरचा गठ्ठा घरी होता. मंगळवारी ती म्हणाली, आज न्हाई. बुधवारी म्हणाली, आज न्हाई. मी गप्प राहिलो. गुरुवारी पुन्हा म्हणाली, "आज न्हाई. पाय शिशाचे झालेत."

आणि मला भीती वाटली. मला ते आठ महिने आठवले. ती खुर्ची आठवली. मला वाटलं, पुन्हा तेच व्हायलंय, पुन्हा माझ्या डोळ्यांदेखत हिचं मांस चाललंय. मी म्हणालो, "मीना, दंड पुन्हा ढिला व्हायलाय. लिंबापर्यंत तरी चल. मी हाय ना सोबत."

तिनं माझ्याकडं बघितलं.  पदर खोचला आणि उठली.

आम्ही लिंबापर्यंत गेलो. ती माझ्या खांद्याला धरून चालत होती. येताना दोनदा थांबली. मी म्हणालो, "बघ, झालं ना?" ती म्हणाली, "झालं."

शुक्रवारी सकाळी तिला रक्ताची उलटी झाली.

नांदेडला नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, शौचाला काळं होत होतं का? ती म्हणाली, तीन दिवसांपासून. मला सांगितलं नव्हतं तिनं. पेपर तपासून झाले की सांगणार होती. तुमचे पेपर, पोरांनो. तुमचा काही दोष नाही, तसं मनात आणू नका. डॉक्टर बाईंनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, चालवा, पण काळं झालं, पोट दुखलं, बोलणं अडखळलं, तर चालणं बंद आणि थेट दवाखाना. मी त्यातलं "चालवा" तेवढं लक्षात ठेवलं. दुसऱ्यांदा अर्धंच ऐकलं. ती तीन दिवस न्हाई म्हणत होती. मी एकदा तरी विचारायचं होतं की मीना, अंगात काय व्हायलंय? विचारलं नाही. आधी चालायच्या वेळेला बसवलं. मग बसायच्या वेळेला चालवलं.

रक्त थांबलं, पण तिचं भान गेलं. लिव्हरचं विष मेंदूत चढतं म्हणाले. ती चादरीवर बोटानं खुणा करायला लागली. बरोबर, चूक, बरोबर, बरोबर. पेपर तपासत होती. मी तिच्या कानाशी वाकलो. म्हणालो, "मीना, माझं चुकलं. मी तुला गुरुवारी चालवायला नको होतं." तिनं डोळे उघडले. मला ओळखलं की नाही, देवाला माहीत. मला म्हणाली, "उत्तर आलंय. पण रीत कुठंय? रीतीला मार्क असतात."

तेवढंच. त्यानंतर दोन दिवस ती होती, पण बोलली नाही.

डॉक्टर बाई मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "ती शंभर पावलं चालली म्हणून हे झालं नाही. शीर आधीच फुटलेली होती." मी म्हणालो, पण मग शुक्रवारऐवजी मंगळवारी आणलं असतं तर?  त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं. त्या बोलल्या नाहीत.

लोक मला म्हणतात, बळीराम, तू लय केलंस बायकोचं. मंडळी, असं म्हणू नका. मी लय केलं. लय केलं म्हणजे नीट केलं असं होत नाही. मी तिला जीव लावला आणि तिचं ऐकलं नाही. माझ्याकडं टेप होता. मी तिच्या दंडाला लावला, तिच्या कमरेला लावला. तिच्या थकव्याला कुठून लावायचा होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि आता विचारायला ती नाही.

तुमच्यात अशी माणसं आहेत. मला माहीत आहे. शुगरची आहेत, किडनीची आहेत, नुसतीच दमणारी आहेत, ज्यांना घरचे आळशी म्हणतात. कुणी सून असेल, कुणी म्हातारं असेल. मी तुम्हाला उपदेश करायला उभा नाही, मला तो अधिकार नाही. मीनानं केलं ते खरं होतं, एवढं सांगतो. ती पाच वेळा उठता येत नव्हतं तिथून या फळ्यापर्यंत आली. तिच्या पायांनी आली. ते कुणी पुसू नका.

दहावीच्या पोरांनो, तुमचे पेपर माझ्याकडं आहेत. सत्तावीस तपासलेत, बाकी राहिलेत. मी सरांकडं देतो. ज्यांचे तपासलेत त्यांनी तिनं लाल शाईनं काय लिहिलंय ते वाचा.

सरांनी मला सांगितलंय, शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगा. पद्धत आहे तशी. ज्यांना उभं राहवतंय त्यांनी राहा. ज्यांचे पाय आज साथ देत नाहीत, त्यांनी बसून राहा, लाजू नका. आणि शेजारी कुणी बसून राहिलं तर त्याच्याकडं वळून बघू नका.

मी बसतो. मला उभं राहवत नाही.

मीना, ये आता.