नवीन हेलिकॉप्टर आल्यावर लग्न

हसू नका, पण दिल्लीतल्या एका फायलीपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलंय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी फौजेत हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. सुट्टीवर गावी जळोचीला आलो आन् इंदापूरला मुलगी बघायला गेलो. पोहे पुढ्यात आले तशी मला फुशारकी सुचली. मुलीच्या वडलांना म्हणलं, "आबा, आमचं हेलिकॉप्टर माझ्या जन्माआधीचं हाय. माझ्या हातामुळंच उडतंय."

आबांचा घास हातातच राहिला. "दुरुस्त केल्यावर त्यात पयलं बसतं कोण?"

"पायलट, आन् त्याच्या शेजारी मी."

"मग सरकार नवीन का घेत न्हाय?"

"फाईल दिल्लीत हाय. सरकार पडलं की पुन्हा पहिल्यापासनं."

आबांनी बशी खाली ठेवली. "मग नवीन येऊ द्या. त्याबिगर तारीख काढायची न्हाय."

त्या दिवसांत सरकारं तर लगोलग पडत होती. मी रडकुंडीला येऊन म्हणलं, "आबा, तवर माझे केस पिकतील."

तेवढ्यात आतनं मुलगीच बोलली, "आबा, येवढं जुनं अजून उडतंय, म्हंजी दुरुस्त करणारा चांगला असंल. द्या होकार."

झालं लग्न. आता मी रिटायर हाय, तसलीच हेलिकॉप्टरं अजून उडत्यात, आन् आमच्या स्वयंपाकघरातला पंखा तीन उन्हाळे बंद हाय. बायकोनं विचारलं की मी सांगतो, "फाईल वर गेलीय."

ती म्हणती, "आबांचंच ऐकाया पायजे हुतं."