तामातीची पहिली व्हेप

न्यूझीलंडमधल्या गिझबर्न शहरात, व्हेपच्या म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या दुकानात मारामा रांगेत उभी होती. तिच्यापुढे तामाती आणि हुइआ, हे म्हातारं जोडपं.

हुइआ काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "पोरी, याची सिगारेट सोडवायचीय. सोपी दे. याला टीव्हीचा रिमोटसुद्धा झेपत नाही."

"हुइआ, लोक ऐकतायत."

"ऐकू देत."

"ही घ्या, आजोबा. हिला बटणच नाही. फक्त हळू ओढा."

तामातीनं दणकून झुरका घेतला आणि खोकून खोकून लालबुंद झाला.

"हळू म्हणाली ना ती! पोरी, अशा दोन दे."

"दुसरी कुणाला गं?" तामातीनं विचारलं.

"मला. तुझ्या पाकिटातल्या कमी होणाऱ्या सिगारेटी काय उंदीर ओढत होते?"

"म्हणजे किती ओढल्या ते मी विसरत नव्हतो? अगं, मला वाटलं, माझं डोकंच चालेनासं झालंय!"

आणि त्यानं भर दुकानात तिचा मुका घेतला.