'मोरेश्वरी'च्या खडपावरची हाक

ऐका. जवळ सरका जरा, कंदील राहू दे तिथेच.

माझा पणजोबा धाकू दिवेलागणीनंतर एकटाच निघाला होता. पलीकडच्या बंदरातलं गलबत पहाटे सुटणार होतं, त्यावर सुकाणू धरायला माणूस हवा होता. जवळची वाट समुद्राकडेची, ह्या आपल्या खडपावरून, काळ्या खडकांवरून जाणारी.

पण आधी 'मोरेश्वरी'चं सांगतो. इंग्रजी अमदानीतली गोष्ट. सागवानाची, दोन शिडांची फत्तेमारी होती ती. बावीस वर्षं मंगळूरची कौलं आणली तिनं, बसऱ्याचा खजूर आणला. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, धाकूचा थोरला भाऊ, सोमा. सुकाणूवर धाकू. वैशाखातल्या शेवटच्या फेरीला धाकू तापानं फणफणला, घरीच राहिला. येताना वादळ उठलं. गावातले दिवे दिसत होते हो, आणि ह्याच खडपावर ती फुटली. अकरा माणसं गेली. सोमाचं प्रेतही मिळालं नाही.

तर पुढचा हंगाम लागला आणि धाकू त्या रात्री चालतोय. आधी पाण्यावर दिवा दिसला. असेल एखादी होडी, म्हणाला. मग दोर ओढणाऱ्यांचा आवाज. हय्या, हय्या. एकेक गळा ओळखीचा. तरी धाकू चालतोय. आणि हाक आली.

"धाकू, सुकाणू धर रे. मला वाट दिसत नाहीय."

सोमाचाच आवाज. धाकू गेला की पाण्यात. गुडघाभर, कमरेभर, छातीभर. "आलो दादा, आलो," म्हणत.

तेवढ्यात मागून कुणीतरी सदरा धरून ओढलं. ओढतच वाळूवर आणलं. बघतो तर सोमाची बायको, तुळसावैनी. नखशिखांत भिजलेली.

"वैनी, दादा बोलावतोय. मी नव्हतो म्हणून बोट फुटली."

"ते नाहीत ते, भावोजी. तुम्हाला ताप होता तेव्हा तुमच्या दादांनीच दाराला बाहेरून कडी लावली, तुम्ही उठून याल म्हणून. ते तुम्हाला पाण्यात ओढतील?"

धाकू रडायला लागला. डोळे पुसत म्हणाला, "तुम्हालाही ऐकू येतं?"

"रोज येतं."

"खोटं आहे हे कळतं, तरी रोज इथे येता?"

"आवाज तर त्यांचाच आहे ना," वैनी म्हणाली. "दुसरीकडे कुठे ऐकू?"

धाकूनं तिला हाताला धरून घरी आणलं. पुन्हा सुकाणू धरलं नाही त्यानं.

म्हणून सांगतो, दिवेलागणीनंतर त्या वाटेनं जाऊ नका. आणि ज्याचं माणूस समुद्रात राहिलंय, त्यानं तर मुळीच नाही.